इफेक्ट्सचा पेपर घेतला आणि घरभर मुंग्या झाल्या

आमच्या फिल्मच्या एमएला दुसऱ्या वर्षी एक इलेक्टिव्ह, म्हणजे आपण निवडायचा पेपर असतो, प्रॅक्टिकल इफेक्ट्सचा. बहुतेक जण एडिटिंग नाहीतर साउंड घेतात कारण पुढे कामं त्यात मिळतात असं सगळे सांगतात, आणि खोटं नाहीये ते. आमच्या वर्गातून हा पेपर घेणारे बोटावर मोजण्याइतकेच निघाले. आता सबमिशन झालंय, व्हायवा व्हायचाय, आणि गेले काही दिवस ज्युनियर्सचे मेसेज येतायत की ताई यात नक्की काय शिकवतात, घेऊ का नको. प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते, लांबेल जरा, चहा घेऊन बसा.

प्रॅक्टिकल म्हणजे नंतर कॉम्प्युटरवर बनवलेलं नाही, तर शूटच्या वेळी कॅमेऱ्यासमोर खरोखर घडवलेलं. जखम, रक्त, पाऊस, धूर, फुटणारी काच, कोसळणारी भिंत, भूत. मला वाटलं होतं पहिल्या तासाला सर काहीतरी भन्नाट डेमो देतील, एखादा राक्षसाचा मुखवटा वगैरे. सर आले, हजेरी घेतली आणि म्हणाले पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने घरून रक्त करून आणायचं. एवढंच. तास संपला.

मग काय, कोणी केचप आणलं, कोणी बीटाचा रस, एकाने कुंकू पाण्यात कालवून आणलं, एकाने तर होळीचा उरलेला रंग. सरांनी पांढरे रुमाल मांडले, प्रत्येकाचं रक्त थोडं रुमालावर आणि थोडं एकाच्या हातावर ओतलं आणि वर कॅमेरा लावून आम्हाला मॉनिटरकडे बघायला लावलं. डोळ्यांना जे बरं दिसत होतं ते मॉनिटरवर गचाळ दिसलं. बीट सरळ राणी कलर, कुंकू खाली बसलं आणि वर गुलाबी पाणी, केचप तर केचपच. मग त्यांनी स्वतःची बाटली काढली. बेस लिक्विड ग्लुकोजचा, केकचं सामान मिळतं त्या दुकानात डब्यात मिळतं ते. त्यात खायचा लाल रंग, पण नुसता लाल टाकला की पातळ थर सरबताचा दिसतो, म्हणून निळ्या किंवा हिरव्या रंगाचा अगदी थेंब, आणि आरपार दिसू नये म्हणून चमचाभर कोको पावडर. वाळलेलं रक्त हवं असेल तर कोको वाढवायचा आणि पाणी कमी. ब्लॅक अँड व्हाइटच्या जमान्यात लोक चॉकलेट सिरप वापरायचे, रंगाचा प्रश्नच नव्हता, दाट आणि काळं दिसलं की झालं.

आणि मग सरांनी तो प्रश्न विचारला जो पुढे सेमिस्टरभर आमच्या डोक्याला ताप झाला. कॅमेरा कुठेय? म्हणजे तू रक्त बनवलंस, छान, पण ते बघणारा कॅमेरा किती लांब आहे, लाइट कसला आहे, ते वाहताना दिसणार आहे का सुकलेलं, शॉट किती सेकंदांचा आहे? पिवळ्या बल्बखालचं रक्त आणि दुपारच्या उन्हातलं रक्त एकाच बाटलीतून येत नाही. लाँग शॉटला जरा भडकच लागतं नाहीतर ते चिखल वाटतं. कुठलीही वस्तू घेऊन गेलो की बघायच्या आधीच कॅमेरा कुठेय. वैताग यायचा पण खरं सांगू का, अख्खा पेपर त्या एका प्रश्नात आहे. इफेक्ट वस्तूत नसतो, शॉटमध्ये असतो. पाठीमागून उघडी, अर्धवट, सेलोटेपने चिकटवलेली वस्तू कॅमेऱ्याच्या एका जागेवरून दोन सेकंद खरी दिसली की काम झालं, आणि चारी बाजूंनी सुबक बनवलेली वस्तू चुकीच्या लेन्सखाली खेळणं वाटते.

रक्ताचं एक सांगायचं राहिलं, मुंग्या. सगळी साखरच ना ती. पहिल्या शूटनंतर मी बाटल्या रूमवर आणल्या, सकाळी दारापासून कपाटापर्यंत रांग, रूममेटने ते दृश्य बघून जे तोंड सोडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता बाटल्या पाण्याच्या परातीत उभ्या असतात. आणि दोन वेगळ्या बाटल्या करायच्या, एक तोंडात चालणारी आणि एक कपड्यांसाठी, कपड्यांच्या रक्तात थोडं भांडी घासायचं लिक्विड टाकलं की डाग निघायला सोपा जातो, पण ते चुकून ओठाला लावलं तर नट परत तुमच्याकडे काम करणार नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा. खायचा रंगसुद्धा कातडीवर दोन-दोन दिवस राहतो हे नटाला आधी सांगा, आमच्या एका मित्राने दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू असताना गळा चिरून घेतला होता, बिचारा मफलर गुंडाळून गेला, मे महिन्यात.

सामानाचं बघायला गेलं तर डिपार्टमेंटकडून पैसे मिळतात पण खरेदी विभागाला प्रत्येक गोष्टीची तीन कोटेशन्स लागतात. रक्ताची तीन कोटेशन्स कुठून आणायची. एका सीनियरने अर्जात ‘लाल द्रव’ लिहायची आयडिया दिली, ते पास झालं. बाकी पुण्यात असाल तर बोहरी आळी हेच आमचं कॉलेज. रबर, ब्रश, तारा, नळ्या, पत्रे, डिंक, सगळं तिथे, आणि दुकानदारांना आपण काय करतोय हे सांगितलं की ते स्वतः डोकं लावतात. रक्त उडवायला साठ मिलिची सिरिंज आणि सलाईनचा सेट मेडिकलमधून घ्यायचा, नळी शर्टाच्या आतून काढून फ्रेमबाहेर कोणीतरी दट्ट्या दाबायचा. गोळी लागल्याचा खरा स्क्विब म्हणजे छोटा स्फोट असतो, त्याला लायसन्सवाला माणूस लागतो, तो विद्यार्थ्यांचा विषयच नाही. फटाक्यातली दारू काढून जुगाड करणारे व्हिडिओ इंटरनेटवर ढीगभर आहेत, तसलं करणाऱ्याबरोबर मी सेटवर उभी राहणार नाही.

जखमांचा भाग तसा पटकन जमतो. लिक्विड लॅटेक्स, म्हणजे पातळ रबर, आणि टिश्यू पेपर, एकावर एक थर, टिश्यूच्या कडा कात्रीने कापायच्या नाहीत, फाडायच्या, म्हणजे कड कातडीत विरघळते. सुकलं की मधोमध टराटरा फाडायचं आणि आत रंग भरायचा. लॅटेक्समध्ये अमोनिया असतो, वासाने डोळ्यात पाणी येतं, म्हणून डोळ्यांच्या आसपास लावायचं नाही, भुवयांवर आधी व्हॅसलिन चोपडायचं नाहीतर काढताना भुवई हातात येते. आणि आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं लावून ॲलर्जी बघायची, हे आळस न करता. पण जखमेपेक्षा मुका मार जास्त अवघड निघाला मला. सगळे नवशिके जांभळा फासतात. मार लागल्या लागल्या लाल असतो, मग निळा-जांभळा होतो, चार-पाच दिवसांनी कडेने हिरवट-पिवळा पडायला लागतो. म्हणजे स्क्रिप्टमध्ये भांडण कुठल्या दिवशी झालं आणि हा सीन कुठल्या दिवशीचा, हे माहीत असल्याशिवाय ब्रश उचलायचाच नाही. मेकअपच्या निमित्ताने मी आयुष्यात पहिल्यांदा स्क्रिप्ट इतक्या बारकाईने वाचली.

पुढे साचे आले आणि तिथे मला घरचा फायदा झाला. माझं आजोळ पेणचं, मामाचा गणपतीचा कारखाना आहे. पेण, हमरापूर, जोहे हा सगळा पट्टाच मूर्तींचा. लहानपणापासून तिथे मे महिन्याच्या सुट्टीत मी सोंडा पुसत बसलेली आहे पण त्याला कोणी इफेक्ट्सचं शिक्षण म्हणेल असं वाटलं नव्हतं. मला कापलेला हात करायचा होता, मुठीत किल्ली धरलेला. इंग्लिश ट्युटोरियल्स बघून मी शाडूत हात घडवला आणि मामाला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन, ‘अगं, सुंदर झालाय, पण साचा सुटणार कसा?’ मला कळेना. म्हणाला ये इकडे.

गेले तर त्याने माझ्या शाडूच्या हाताच्या बोटांमध्ये, किल्लीच्या मागे, अंगठ्याखाली काडीने खुणा केल्या, इथे अडकेल, इथे अडकेल, इथे तुटेल. जिथे आत वळलेली खाच आहे तिथे कडक साचा शिरतो आणि बाहेर येत नाही. म्हणून मूर्तीला रबराचा साचा करतात, रबर ब्रशने थरावर थर, मधे सुती कापडाचे तुकडे मजबुतीला, आणि रबर लुळं पडून आकार बिघडू नये म्हणून बाहेरून प्लास्टरचं नाहीतर फायबरचं कवच, तेही दोन तुकड्यांत, कारण एका तुकड्यात केलं तर परत तीच बोंब. आधी कवच उघडायचं, मग रबर मोज्यासारखं उलटं सोलून काढायचं. प्लास्टरला प्लास्टर चिकटू नये म्हणून मधे साबणाचं पाणी. हे सगळं आमच्या पुस्तकात होतं, आकृतीसकट होतं, पण त्या आकृतीत मामाचा अंगठा नव्हता जो रबराच्या कडेवर दाबून ‘अजून ओलंय, उद्या’ म्हणतो. घाई करायची नाही हे तो ज्या आवाजात सांगतो ना, तो आवाज मला सिलिकॉन मिक्स करताना आजही ऐकू येतो.

सिलिकॉनची गोष्ट वेगळीच. चेहऱ्यावर लावायचं ते प्लॅटिनम सिलिकॉन, दोन डब्यांतलं समसमान मिसळलं की जमतं, महाग असतं. आमच्यातल्या एका ग्रुपने म्हातारीचं नाक केलं होतं, घडवायला वापरलेल्या तेलकट मातीत गंधक होतं, त्याच्या साच्यात सिलिकॉन ओतलं, दुसऱ्या दिवशी उघडलं तर आतून घट्ट आणि वरचा थर, जो दिसायचा असतो नेमका तोच, चिकट तो चिकटच. आठवडा ठेवलं तरी तसंच. गंधक लागलं की सिलिकॉन जमवणाऱ्या प्लॅटिनमचं काम बंद पडतं. लॅटेक्सचे हातमोजे घालून हात लावला तरी तेच होतं, म्हणून आमच्या लॅबमध्ये आता नायट्राइलचेच मोजे आणि बाहेर पाटी आहे. स्वस्त पडतं म्हणून टिनवालं सिलिकॉन आणून चेहऱ्याला लावणारेही भेटतात, ते साच्यांसाठी असतं, कातडीसाठी नाही. काहीही नवीन आणलं की आधी चमचाभर करून बघा बाबांनो, पूर्ण डबा ओतायच्या आधी.

आणि चेहऱ्याचा साचा घेताना थट्टा-मस्करी बंद. ॲल्जिनेट, म्हणजे दातांचे डॉक्टर ठसा घ्यायला वापरतात तीच पावडर, पण त्यांचं ते दोन-तीन मिनिटांत जमतं, अख्ख्या चेहऱ्याला पुरत नाही, तेव्हा हळू जमणारं मागवायचं आणि गार पाण्यात कालवायचं. नाकपुड्या मोकळ्या ठेवायला एक माणूस फक्त त्याच कामाला, दुसरं काही करायचं नाही त्याने. नट बोलू शकत नाही म्हणून हाताच्या खुणा आधी ठरवायच्या. ॲल्जिनेट सुकलं की आक्रसतं, त्यामुळे काढलं की लगेच प्लास्टर ओतायचं. पण प्लास्टरमध्ये थेट हात-पाय घालायचा नाही, कधीच नाही, कारण जमताना ते तापतं. इंग्लंडमध्ये २००७ साली एका शाळेत कलेच्या तासाला एका मुलीने प्लास्टरच्या बादलीत हात घातले आणि तिची बहुतेक बोटं गेली. सरांनी हे सांगितल्यावर वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

जिलेटिनचा किस्सा पण सांगते. जिलेटिन आणि ग्लिसरीन गरम करून साच्यात ओतलं की मस्त लवचिक कातडी होते, स्वस्त, परत वितळवता येते. आमच्या फिल्ममधला हिरो मेकअपच्या खुर्चीत बसला आणि सहज विचारलं हे कशापासून बनतं. मी सांगितलं, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून. तो जैन. उठला. बरोबरच होतं त्याचं, मला आधी विचारायला हवं होतं वगैरे नंतरचं, त्या क्षणी मला एकच दिसत होतं की बाहेर लाइट लागलाय आणि माझ्याकडे गाल नाहीये. चायना ग्रास आणून बघितलं, जमतं पण ताण सहन होत नाही, तो हसला की कडेने चीर. शेवटी टिश्यू-लॅटेक्सवरच केलं. तसंही आपल्याकडे उन्हाळ्यात जिलेटिन घामाने आणि लाइटने सुटायलाच लागतं. परदेशातल्या ट्युटोरियलमध्ये घामाचं नावच नसतं बघा, आपल्याकडे अर्धं काम घामाशी आहे, स्पिरिटने कातडी पुसा, पातळ थर द्या, नटाला पंख्याखाली बसवा आणि त्याला सांगा की बाबा जेवताना तिखट खाऊ नकोस.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, मिनिएचर, म्हणजे मोठ्या वस्तूचं छोटं मॉडेल. फायनल प्रोजेक्टला मला गडाचा बुरूज ढासळताना दाखवायचा होता. दिवाळीत अंगणात किल्ला केलेला नाही असा मराठी पोरगा सापडणं अवघड, त्यामुळे आमच्या ग्रुपला वाटलं यात काय, आम्ही एक्स्पर्ट. पोती, माती, विटा, वर अळीव पेरलं की गवत. केला. फोनने शूट केला. दिवाळीचा किल्लाच दिसत होता, वर मावळे ठेवायचे तेवढे बाकी होते.

सर आले, तुम्हाला माहितीये काय विचारलं. मग बसून हिशेब केला. आमचा बुरूज चाळीस सेंटिमीटरचा, खरा बुरूज दहा मीटरचा धरला, म्हणजे पंचविसाव्या हिश्शाचा. दहा मीटरवरून दगड पडायला जवळपास दीड सेकंद लागतो, चाळीस सेंटिमीटरवरून पाव सेकंदाहून थोडा जास्त. गुरुत्वाकर्षण काही आपल्या मॉडेलसाठी लहान होत नाही. डोळा खोटं पकडतो ते रंगाने-बिंगाने नाही, या वेळाने, की एवढा मोठा बुरूज इतक्या लवकर पडूच शकत नाही. म्हणून जितक्या पट लहान त्याच्या वर्गमुळाएवढं हळू करायचं. पंचवीसचं वर्गमूळ पाच, सिनेमा सेकंदाला चोवीस फ्रेमने चालतो, चोवीस गुणिले पाच, सेकंदाला १२० फ्रेम. आणि गंमत म्हणजे १२० फ्रेमचा स्लो-मो आता साध्या फोनमध्ये पण असतो! मॉडेल सोळाव्या हिश्शाचं असतं तर ९६ फ्रेम, चौथ्या हिश्शाचं असतं तर ४८. शाळेतलं फिजिक्स इथे उपयोगी पडेल असं आमच्या मास्तरांनाही वाटलं नसेल.

पण १२० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश पाचव्या हिश्शाने मिळतो. त्यात मॉडेल जवळून शूट करताना मागचं-पुढचं धूसर होतं आणि धूसर झालं की लगेच कळतं वस्तू लहान आहे, म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बारीक करायचं, म्हणजे प्रकाश अजून कमी. एवढे लाइट कॉलेजकडे नाहीत. तेव्हा भर दुपारी, गच्चीवर, सूर्य फुकट आहे आणि सावली एकच पडते. किल्ला जमिनीवर नाही, टेबलावर. टेबलावर ठेवला की लेन्स मॉडेलच्या जमिनीला टेकवता येते, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून वर बघितल्यासारखं दिसतं आणि मागे खरं आकाश मिळतं. अळीव उपटून टाकलं, त्या मापाला ते गवत नाही, बांबूचं बन वाटत होतं. त्याऐवजी भुसा रंगवून चाळणीने चाळून टाकला.

बुरुजाचे दगड प्लास्टरचे, पण प्लास्टरमध्ये भुसा घालून मुद्दाम कमकुवत केलेले आणि मागून करवतीने चिरा दिलेल्या, म्हणजे तो आम्हाला हवा तिथेच फुटेल. धुळीसाठी सिनेमावाले जगभर जी फुलर्स अर्थ वापरतात ती म्हणजे आपली मुलतानी माती, दुकानात गेलात तर बायका तोंडाला लावायला घेतात ती. प्रत्येक दगडाच्या मागे तिची पुरचुंडी. मास्क लावून. मागून एका लोखंडी सळईने ओढायचं आणि ओढणारा माणूस टेबलाखाली. बुरूज एकच होता, टेक एकच मिळणार होता. पडला तेव्हा प्रत्यक्षात ठप असा आवाज होऊन संपलं सगळं, आम्हाला वाटलं गेलं पाण्यात. फोनवर लावलं तर आधी वरचा कठडा सुटतो, मग मधला भाग पोटातून बाहेर येतो आणि धूळ इतकी हळू वर चढते की टेबलाखालून बाहेर आलेला सळईवाला पोरगा पण आ वासून बघत बसला. पाणी आणि आग मात्र अशी फसत नाही हे लक्षात ठेवा, थेंब लहान होत नाही आणि ज्योतही. धबधब्याचं मिनिएचर करायच्या भानगडीत पडू नका, निदान एवढ्या मापात.

वेळेचा हा खेळ आपल्याकडे जुना आहे. आम्ही सेकंदाला १२० फ्रेम घेतल्या, दादासाहेब फाळक्यांनी दिवसाला एक घेतली होती. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी भांडवल उभं करायला त्यांनी कुंडीत लावलेलं वाटाण्याचं रोप रोज एकेक फ्रेम करत शूट केलं आणि पडद्यावर ते रोप बघता बघता वाढताना दाखवलं, त्यावर त्यांना पैसे मिळाले. हा माणूस त्याआधी जादूचे प्रयोग करायचा, आपलं नाव उलटं करून प्रोफेसर केळफा म्हणून. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके. आम्हाला उरलेले तुकडे दाखवले तेव्हा मागे कोणीतरी खिदळलं, मला मात्र सारखं हेच येत होतं डोक्यात की बाबा यांच्याकडे मॉनिटर नव्हता, प्ले दाबून बघायची सोय नव्हती, रीळ धुऊन येईपर्यंत जमलंय का नाही काहीच कळत नसणार.

मग बाबूभाई मिस्त्री, हिंदी सिनेमातले जुने ट्रिकवाले. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये त्यांनी काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत फिरवल्या आणि इंडस्ट्रीत त्यांना नावच पडलं काला धागा. हा एक्सरसाइज आम्हालाही होता, तांब्या टेबलावरून उचलून दाराबाहेर न्यायचा, हात न लावता. सगळ्यांनी माशाच्या गळाची नायलॉन दोरी आणली कारण ती पारदर्शक, आणि लाइट लागला की तीच चमकते, चांदीची तार. साधा काळा शिवायचा दोरा घेतला आणि मागे खिडकीचे गज येतील असा तांब्या ठेवला तर दोरा गजांच्या उभ्या रेघांमध्ये कुठे गेला ते मलाच सापडेना, मी बांधलेला असून. पांढऱ्या भिंतीसमोर तोच दोरा आंधळ्यालाही दिसला असता. शिवाय दोरा वरूनच यायला हवा असं कोण म्हणतं, प्रेक्षक वरच बघतो, आमच्या एकीने मागून आडवी सळई आणली आणि तांब्यानेच ती झाकली. तिला फुल मार्क्स. लहानपणी ‘झपाटलेला’ बघून ज्यांची झोप उडाली होती त्यांना सांगते, १९९३ च्या त्या सिनेमातला तात्या विंचू रामदास पाध्यांचा बाहुला, कॉम्प्युटरचा काही संबंध नाही, परत बघा आणि या वेळी फक्त एवढंच बघा की बाहुला कुठल्या शॉटमध्ये कमरेखाली दिसत नाही.

साखरेच्या काचेबद्दल थोडक्यात. साखर, लिक्विड ग्लुकोज, पाणी, दीडशे डिग्रीपर्यंत पाक न्यायचा, गोळीबंदच्याही बराच पुढे, थर्मामीटर लावून, आणि तेल लावलेल्या ट्रेमध्ये ओतायचा. अंगावर उडाला तर चिकटून भाजतो, बादलीभर गार पाणी शेजारी ठेवा. आई म्हणाली चिक्कीचा पाक एवढा वाया घालवतेस तर गूळ घाल आणि शेंगदाणे तरी टाक. उन्हाळ्यात केलेली काच खटकन फुटते, जुलैत केलेली हवेतलं पाणी ओढून तासाभरात पाघळते, मग बाटली डोक्यात फोडायच्या ऐवजी डोक्याला चिकटते. पावसाळ्यात करायचीच असेल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा आणि शॉटच्या आधी शेवटच्या क्षणी काढा. मोठ्या सेटवर यासाठी खास रेझिन वापरतात. आणि साखरेची असली तरी तिची कड कापते हां.

घेऊ का नको विचारणाऱ्यांना, नोकरीसाठी घेत असाल तर सरळ सांगते, याचं वेगळं खातं फार कमी ठिकाणी असतं, काम मिळतं ते मेकअप नाहीतर आर्ट डिपार्टमेंटमधून. व्हीएफएक्सवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर इफेक्ट्स करणारे, आपले शत्रू नाहीत, माझ्या बुरुजामागचा मोबाईल टॉवर आणि ओढायच्या सळईचं टोक आमच्याच बॅचच्या मुलाने खोडून दिलं, अर्ध्या तासात. पण ते अर्ध्या तासात झालं कारण त्याने आधीच बजावलं होतं की मॉडेल ठेवायच्या आधी त्याच फ्रेमचा रिकामा शॉट घे. क्लीन प्लेट. नट नाही, मॉडेल नाही, नुसतं मागचं, दहा सेकंद, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करून. सगळे विसरतात कारण तेव्हा सगळ्यांना भूक लागलेली असते. ट्रायपॉडला हात लावायच्या आधी घ्या, एकदा हलला की परत तीच जागा मिळत नाही, जमिनीवर कितीही टेप मारा.

व्हायवा पुढच्या आठवड्यात आहे. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक म्हणून कोण येतंय कोणाला कळलं तर कमेंटमध्ये टाका प्लीज.